सील शाबूत आहे

कुलूप आणि सील यांत फरक काय, हा प्रश्न बँकेच्या भरती-परीक्षेत कधी विचारत नाहीत. मला विचारला होता तो असा की, अमुक लांबीची आगगाडी तमुक वेगाने पूल ओलांडते, तर पुलाची लांबी काढा. मी काढली. त्या भांडवलावर वीस वर्षं नोकरी झाली. पण आजतागायत एकाही खातेदाराने काउंटरवर येऊन मला पुलाची लांबी विचारलेली नाही. सील मात्र रोज डोळ्यांसमोर असतं. रोकडीच्या थैलीला सील, निविदांच्या लखोट्याला सील, डुप्लिकेट किल्ल्यांच्या पाकिटाला सील. संध्याकाळी घरी परतावं तर दारातच विजेच्या मीटरला सील. माझं घर अमरावतीला आणि नोकरी अकोल्याला. त्यामुळे जाता-येता मूर्तिजापूरला आमची गाडी रखडली आणि शेजारच्या रुळावर मालगाडी उभी असली, की तिच्या डब्यांच्या कड्यांनाही सिलंच लोंबताना दिसतात. थोडक्यात म्हणजे, ज्या माणसाचं निम्मं आयुष्य सील पाहण्यात गेलं, त्याने सिलावर चार शब्द बोलायला हरकत नसावी.

तर फरक असा. कुलूप चोराशी बोलतं आणि सील मालकाशी. कुलूप चोराला दरडावतं, "आत येशील तर खबरदार!" सील बिचारं त्याला काहीच म्हणत नाही. चोराने दोन बोटांनी पिरगाळून तोडलं तरी हूं की चूं करत नाही. पण दुसऱ्या दिवशी मालक आला की त्याला पहिली बातमी सिलाकडून कळते. आपल्या वर्गात असा एक मुलगा असायचाच. मारामारी सोडवायला तो कधी मधे पडला नाही, पण गुरुजी वर्गात आले की पहिलं बोट त्याचं वर. मोठेपणी तो सील झाला असं समजा. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा. मारामारी झाली एवढंच सिलाला सांगता येतं. कोणी केली, हे त्याला माहीत नसतं.

आमच्या शाखेतल्या शिपाईमामांनी एकदा थैलीला सील लावता लावता मला विचारलं होतं, "भाऊ, इस्वास हाय तं सील कायले? अन् इस्वासच नाई तं सिलानं काय होते?"

मी बी.कॉम. आहे. आम्हाला तत्त्वज्ञान हा विषय नव्हता, ऑडिटिंग होता. दोन्हींत फारसं अंतर नाही म्हणा, फक्त ऑडिटिंगमध्ये मोक्षाऐवजी शेरे मिळतात. पण मामांच्या प्रश्नाला ऑडिटिंगच्या पुस्तकात उत्तर नव्हतं. मी आपलं "साहेबांना विचारून सांगतो" असं म्हटलं. बँकेत हे उत्तर कोणत्याही प्रश्नाला चालतं.

प्रश्न मात्र डोक्यात राहिला. पुढे माझा भाचा डिप्लोमा इंजिनिअर झाला आणि प्लॅस्टिकची सिलं काढणाऱ्या एका कारखान्यात साच्यांच्या डिझाइनला लागला. पहिल्या दिवाळीला आला तेव्हा त्याने खिशातून मूठभर सिलं काढून माझ्यासमोर ठेवली. पूर्वी भाचे मामाकडे येताना पेढे आणत. असो.

"मामा, याच्यात सगळ्यात कठीन काम कोनतं, सांगा बरं."

"मजबूत करणं," मी म्हणालो.

"नाई. बरोब्बर कच्चं ठेवनं."

मग त्याने फराळाच्या ताटापलीकडून मला जो वर्ग घेतला, त्याचा गोषवारा असा. न तुटणारी वस्तू करणं त्या मानाने सोपं. जाडी वाढवा, झालं. सील तुटलंच पाहिजे, पण कोणीतरी मुद्दाम तोडलं तरच. ट्रक अकोल्याहून निघून मुंबईच्या बंदरात जाईपर्यंत त्याला जेवढे हादरे बसतील तेवढ्याने तुटता कामा नये. आणि माणसाने हाताने पिरगाळलं तर मात्र तुटायला हवं. शिवाय एकदा तुटल्यावर पुन्हा जोडता येता कामा नये. वेळेवर तुटणारी वस्तू बनवणं ही मोठी विद्या आहे. आमच्याकडे रस्ते आणि पूल बांधणाऱ्या काही मंडळींना ती अर्धी साधली आहे. तुटण्याचं जमतं, वेळेचं जमत नाही.

आता रचना पाहा. एक पट्टी असते आणि तिच्या टोकाला एक डबी. पट्टी कड्यातून ओवून डबीत सरकवायची. आत उलटे दात असतात. पट्टी पुढे सरकते, मागे येत नाही. आमच्याकडे या योजनेला गृहकर्ज म्हणतात. डबी पुष्कळदा पारदर्शक ठेवतात, म्हणजे आत कोणी पत्र्याची पातळ चकती सारून दात दाबले असतील तर बाहेरून दिसावं. प्लॅस्टिक म्हणजे उन्हात नरम पडणारी जात, आणि आमच्या अकोल्याचा मे महिना म्हणजे पारा ४५ च्या घरात. सील ऊब देऊन सोडवायची कला चोरांना फार आधीपासून ठाऊक. म्हणून काही सिलांत बाहेरचं अंग प्लॅस्टिकचं आणि आतली पकड धातूची असते. कोणी ऊब द्यायला गेलाच, तर पकड सुटण्याआधी बाहेरचं अंग वेडंवाकडं होऊन बसतं. चोर आत शिरला नाही तरी प्रयत्न झाला होता, एवढं कळतं.

मला सगळ्यांत आवडली ती निराळीच गोष्ट. भाच्याने एक पट्टी वाकवून दाखवली. जिथे ताण बसला तिथे प्लॅस्टिकवर पांढरा डाग उमटला. पट्टी सरळ केली, डाग गेला नाही.

"हा डाग पाह्यला का मामा? जास्त ओढताण केली का अशा प्लॅस्टिकले हा डाग पडते. मंग तो काई केल्या लपत नाई."

म्हणजे पाहा, ज्याला मन नाही त्या प्लॅस्टिकचा चेहरा गैरप्रकाराने पांढराफटक पडतो. मी वीस वर्षं काउंटरवर बसून जे चेहरे पाहतो, त्यांत इतकी साधी सोय परमेश्वराने ठेवली असती तर कर्जवसुली खात्याचं अर्धं काम हलकं झालं असतं.

शेवटची गोष्ट नंबर. प्रत्येक सिलावर वेगळा नंबर, आणि कारखान्याने तो पुन्हा काढायचा नाही. नंबर पट्टीवर किंवा डबीवर असा कोरायचा की खरवडला तर खरवडलेला दिसावा. हा नंबर लावणाऱ्याने वहीत लिहायचा आणि उघडणाऱ्याने वहीशी ताडून पाहायचा. नोंदच नसेल तर सील म्हणजे नुसता प्लॅस्टिकचा तुकडा. त्याच रंगाचा दुसरा आणून लावला तरी कोणाला कळणार? मी हे ऐकलं आणि मला भाच्याविषयी प्रथमच आदर वाटला. दोन ठिकाणी नोंद आणि मग मेळ! म्हणजे ही डबल एन्ट्रीच झाली. इंजिनिअरिंगचा शेवट कॉमर्समध्ये होतो, हे मी त्याच्या वडिलांना दहावीनंतरच सांगितलं होतं.

जहाजाने जाणाऱ्या कंटेनरांच्या सिलांसाठी आयएसओ १७७१२ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात सिलांचे तीन वर्ग केलेत. सगळ्यांत वरचा वर्ग जाड लोखंडी बोल्टांचा. तो तोडायला मोठी कातर लागते. प्लॅस्टिकची साधी पट्टी सगळ्यांत खालच्या वर्गात बसते, आणि त्या वर्गाचं नाव आहे 'सूचक'. अडवणारा म्हणून कोणी तिच्याकडे पाहतच नाही. पगारवाढीच्या दृष्टीने हा वर्ग कोणता, हे माझ्यासारख्याला वेगळं सांगायला नको. पण काम सगळं त्याच वर्गाकडून होतं, हेही वेगळं सांगायला नको.

हा उद्योग काही प्लॅस्टिकबरोबर आलेला नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात जकातनाक्याचं एक प्रकरण आहे. व्यापाऱ्यांच्या मालावर मुद्रा उठवलेली असे आणि नाक्यावर ती तपासत. ज्याच्या मालावर मुद्राच नाही त्याने दुप्पट जकात भरायची. ज्याची मुद्रा बनावट त्याला आठपट दंड. आणि ज्याची मुद्रा फुटलेली, त्याने घटिकास्थानात थांबायचं. मी हिशेबाचा माणूस, त्यामुळे माझी नजर आकड्यांवर गेली. दोनपट, आठपट, आणि फुटक्या मुद्रेला आकडाच नाही, नुसतं थांबायचं. मला तरी याचा अर्थ असा लागतो की, फुटलेली मुद्रा म्हणजे गुन्हा शाबीत झाला असं कौटिल्य धरत नव्हता. बैलगाडी उलटली असेल, उंदराने कुरतडलं असेल. तेव्हा बाबा रे, जरा थांब, आम्ही चौकशी करतो. आजकाल आपण चौकशी नंतर करतो.

हाच चाणक्य 'मुद्राराक्षस' नाटकात काय करतो पाहा. अमात्य राक्षसाची अंगठी त्याच्या हाती लागते. तो एक खोटं पत्र तयार करवतो आणि त्यावर त्या खऱ्या अंगठीची मुद्रा उठवतो. मुद्रा अस्सल, मजकूर बनावट. आणि सगळं नाटक त्या अस्सल मुद्रेवर उलटतं. आपल्याकडची 'ध'चा 'मा' केल्याची आख्यायिका घ्या. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. पत्रात 'धरावे' होतं, त्याचं म्हणे 'मारावे' झालं. ते खरं की खोटं, ते इतिहासवाले पाहतील. पण गोष्ट खरी धरली, तर पत्राला जगातलं सर्वोत्तम प्लॅस्टिकचं सील लावूनही काय उपयोग होता? अक्षर घरातच बदललं. लखोटा बंद झाल्यानंतर काय झालं तेवढंच सील पाहतं. त्याच्या आधीचं त्याला काही विचारू नये.

ही सिलाची पहिली मर्यादा. दुसरी त्याहून मोठी आहे, आणि ती सिलात नाही, आपल्यात आहे.

अमेरिकेत लॉस अलामोसची प्रयोगशाळा आहे. अणुबॉम्ब बनला तीच. तिथे रॉजर जॉन्स्टन नावाचे शास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी १९९० च्या दशकात सिलंच तपासायला बसले. बाजारातली ९४ प्रकारची सिलं घेतली. सगळीच्या सगळी चकवता आली; तीही साध्यासुध्या हत्यारांनी, आणि पुष्कळशी काही मिनिटांत. भाच्याला मी हे सांगितलं तेव्हा मला वाटलं पोरगं नोकरी सोडेल. तो शांतपणे चिवडा खात म्हणाला, "मंग? सील चकवता येतेच. पाहनारा चकते का नाई, हे पाहाचं अस्ते." आणि जॉन्स्टनसाहेबांचाही सांगावा साधारण हाच होता. सील म्हणजे तपासणीच्या पद्धतीचा एक भाग. तपासणारा कसून तपासणारा असेल, फसवलेलं सील कसं दिसतं हे त्याला शिकवलेलं असेल, तर साधं सीलसुद्धा कामाचं. नाही तर भारी सीलही शोभेचं.

हे 'पाहणं' आपण किती मनावर घेतो? २६ एप्रिल २०२४ ला अकोला आणि अमरावती दोन्ही मतदारसंघांत लोकसभेचं मतदान होतं. बँकवाल्यांना निवडणुकीचं काम म्हणजे सुनेला सणाचा स्वयंपाक; कोणी विचारत नाही, धरून चालतात. मतदानयंत्राला जी हिरवी कागदी पट्टी लावतात, ती नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापलेली असते. तिच्यावर नंबर असतो. मतदानाआधी नमुना-मतदान घ्यायचं, निदान ५० मतं, ती पुसायची, मग पट्टी लावायची. तिच्यावर केंद्राध्यक्षाने सही करायची आणि उमेदवारांच्या प्रतिनिधींना हवी तर त्यांनीही करायची. नंबरही लिहून घ्यायचा. पाहायचं म्हटलं तर सगळी व्यवस्था त्या प्रतिनिधीच्या डोळ्यांसाठी केलेली आहे. आणि पहाटे पावणेसहाला तो प्रतिनिधी काय विचारतो? "सायेब, सई कुठी करू?" सही करतो, नंबर पाहत नाही, आणि दुसरा प्रश्न विचारतो, "च्या आला नाई काय अजून?" हाच माणूस निकालाच्या दिवशी चौकात उभा राहून यंत्राविषयी दोन तास बोलू शकतो. पहाटेची दोन मिनिटं मात्र त्याच्याकडे नव्हती.

मामांच्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं ते असंच, मामांवरच प्रसंग आला तेव्हा. (शाखा, साहेब आणि साल सांगत नाही. पेन्शन अजून लांब आहे.) एका लहान शाखेतली जादा रोकड आमच्याकडे यायची होती. थैलीला प्लॅस्टिकचं सील, सिलाचा नंबर सोबतच्या पत्रात. बरोबर बंदूकवाला आणि थैली सांभाळायला मामा. महिन्याची पहिली तारीख, काउंटरवर पेन्शनरांची ही गर्दी. साहेबांनी पत्रावर शिक्का मारला. आमच्याकडे तसा तयार शिक्काच होता, 'सील शाबूत आहे'. शिक्का मारला, कात्रीने सील कापलं, टोपलीत टाकलं, थैली उघडली. मोजणीत पाचशेच्या नोटांचं एक पॅकेट कमी. शंभर नोटा. पन्नास हजार रुपये.

कोणी काही बोललं नाही. सगळ्यांनी फक्त मामांकडे पाहिलं आणि मग पाहिलं नाही असं दाखवलं. मामांच्या पंचवीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या हातून लाखांच्या थैल्या गेल्या होत्या. ते एवढंच म्हणाले, "सील पाहा ना साहेब."

"शिक्का मारलाय ना मी," साहेब म्हणाले.

"पाह्यलं होतं काय?"

साहेब दोन क्षण गप्प राहिले. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "शिक्का मारला. पाहिलं, असं नाही म्हणता येणार."

आता सील कुठे आहे? टोपलीत. टोपली कुठे आहे? झाडूवाल्या मावशींनी रिकामी केली. म्हणजे मामांची पंचवीस वर्षं त्या घटकेला कचऱ्यात होती. आम्ही दोघं-तिघं मागच्या बाजूला धावलो. मावशी प्लॅस्टिक निराळं काढून भंगारवाल्याला देत, त्या सवयीने मामांना वाचवलं. चहाचे पेले आणि दुधाच्या पिशव्या यांच्या खाली ते सील निघालं. पट्टी कात्रीने स्वच्छ कापलेली. डबीत दात जागच्या जागी. अंगावर कुठेही पांढरा डाग नाही. नंबर पत्राशी ताडून पाहिला. अंक अन् अंक तोच. म्हणजे वाटेत थैली उघडलीच नव्हती. त्या शाखेला फोन केला. तासाभराने कळलं की ते पॅकेट तिथल्या तिजोरीत, बाजूच्या कप्प्यात पडलेलं आहे.

मामांनी ते कापलेलं सील मागून घेतलं. "कायले पाहिजे मामा?" कोणीतरी विचारलं. "असू द्या," म्हणाले, आणि खिशात घातलं.

त्या दिवशी माझ्या ध्यानात आलं की आपण सील चोरासाठी लावतो हा समजच खोटा आहे. चोराला त्याचं काय सोयरसुतक? सील असतं ते मधल्या प्रामाणिक माणसासाठी. पाठवणारा एका टोकाला, घेणारा दुसऱ्या टोकाला. दोघेही आपापल्या खुर्चीत सुरक्षित. मधे ड्रायव्हर, हमाल, गोदामवाला, शिपाई. माल हरवला की पहिला संशय त्यांच्यावर, कारण पगार कमी आणि संधी जास्त, असा आपला हिशेब. त्या माणसाच्या बाजूने बोलणारा एकच साक्षीदार असतो, तो म्हणजे दोन रुपयांची प्लॅस्टिकची पट्टी. आणि त्या साक्षीदाराची जबानी न घेता आपण त्याला कचऱ्यात टाकतो. सील न पाहता 'शाबूत' लिहिणं ही आपण आळसाची गोष्ट समजतो. माझ्या मते तो अन्याय आहे. नुकसान आपलं होत नाही, म्हणून तो आपल्याला कळत नाही.

शाबूत सील दुसऱ्या कोणाच्या तरी चुकीवर बोट ठेवतं, हेही खरं. पण निदान योग्य दिशेला ठेवतं. हिशेबात मेळ लागला नाही की आम्ही ती रक्कम सस्पेन्स खात्यात टाकतो आणि बाकीचं काम सुरू ठेवतो. सील तेच करतं. संशय सगळ्या माणसांवर सांडू न देता एका छोट्या जागी गोळा करून ठेवतं. मामांना आज मी सांगीन की, मामा, सील म्हणजे अविश्वास नाही. ते लावलं म्हणून तर बाकी सगळा वेळ आपण एकमेकांवर विश्वास ठेवून चहा पिऊ शकतो.

कोणी म्हणेल, मग घरीही लावा. आमच्या आजीने लावलं होतं. लोणच्याच्या बरणीला ती दादरा बांधायची आणि सुतळीची गाठ मारायची. गाठ अशी काही चमत्कारिक, की सोडवणाऱ्याला पुन्हा तशी बांधता येत नसे. आम्ही नातवंडांनी बरणी उघडल्याचं तिला गाठीवरून कळायचं. तिने कधी विचारलं नाही की कोणी उघडली. एकदा फक्त म्हणाली, "फोडी खाल्ल्या तं खाल्ल्या, हात कोरडे होते ना रे?" कारण ओल्या हाताने लोणचं नासतं. मला वाटतं घरातलं सील इतपतच असावं. उघडलं गेलं हे कळावं, आणि त्यावरून चौकशी निघावी ती लोणच्याची.

पण सगळ्यांच्या बरण्या घरच्या नसतात. आमचा अकोला म्हणजे बियाण्यांचं गाव. १९७६ साली स्थापन झालेल्या महाबीजचं मुख्यालय इथे, बीज प्रमाणीकरण यंत्रणेचं मुख्यालयही इथे. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळं लेबल, पायाभूत बियाण्याला पांढरं. पिशवी शिवून, सील करून दुकानात येते. जूनमध्ये शेतकरी ती विकत घेतो तेव्हा तो सगळं वर्ष विकत घेत असतो. आमचे साडभाऊ मूर्तिजापूर तालुक्यात सोयाबीन पेरतात. ते पिशवी वरून कधी फोडत नाहीत. खालच्या बाजूने उसवतात. म्हणजे वरचं लेबल, सील, शिलाई जशीच्या तशी राहते. कृषी खात्याचाही सल्ला तोच असतो. मग रिकामी पिशवी, पावती आणि मूठभर बियाणं कापणी होईपर्यंत पेटीत. उगवण झाली नाही तर तक्रारीला पुरावा हवा ना! सील कसं जपायचं हे मला बँकेपेक्षा त्यांच्याकडे जास्त शिकायला मिळालं.

आणि तरी २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून राज्यभरातून तक्रारींचा पाऊस पडला. पिशव्या फोडून कोणी बियाणं बदललं, अशी ती तक्रार नव्हती. बियाणं उगवलंच नाही, ही होती. दुबार पेरणी हा शब्द वर्तमानपत्रात वाचायला सोपा आहे. पीककर्जाच्या टेबलावर बसलं म्हणजे त्याचा अर्थ कळतो. समोरचा माणूस एकदा घेतलेलं कर्ज मातीत घालून, त्याच मातीत घालायला दुसरं मागायला आलेला असतो, आणि फॉर्मात 'कारण' या रकान्यात एकच ओळ लिहायला जागा असते. अशा वेळी 'सील शाबूत होतं' हे वाक्य किती खरं आणि किती निरुपयोगी! सिलाने साक्ष दिली की आत कोणी शिरलं नाही. आत काय होतं, ते सिलाला कोणी विचारलंच नव्हतं.

मी साडभाऊंना हे म्हणालो, तेव्हा ते हसले. "सिलाले कायले बोल देता? ते आपलं काम करते. आपलं काम आपन करा लागते."

त्यांचं काम ते पेरणीच्या आठवडाभर आधी करतात. पिशवीतले शंभर दाणे मोजून घेतात, ओल्या बारदानावर ओळीने मांडतात, बारदान गुंडाळतात आणि सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडतात. चार-पाच दिवसांनी उलगडून कोंब मोजायचे. सत्तर निघाले तर पेरायचं. तेवढंच प्रमाण सरकारी नियमातही आहे. कमी निघाले तर बियाणं वाढवायचं, फारच कमी निघाले तर पिशवी परत. यात यंत्र लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही, फक्त पाहावं लागतं. गेल्या जूनमध्ये मी नेमका त्या दिवशी पोचलो. साडभाऊ उकिडवे बसून बोटाने एकेक कोंब बाजूला सारत होते, आणि साऱ्या घरात पिनड्रॉप शांतता. मी दारातूनच काही विचारायला तोंड उघडलं, तशी मेव्हणीने मला खुणेने गप्प केलं. मोजणी चालू असताना त्या घरात कोणी बोलायचं नसतं. बँकेच्या माणसाने तर नाहीच.